तिसऱ्या उच्चाराशी अडलेला माणूस

लू आजी फांग गुप्तहेराकडे आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांतलं पाणी आटलं होतं. मलायात गेलेला मुलगा वीसेक वर्षांनी शाओशिंगला परतला, आणि गल्लीतल्या वडीलधाऱ्यांनी त्याला तोतया ठरवलं. दुपारच्या नावेने त्याला हाकलणार होते.

"माझे डोळे गेलेत, त्याचा चेहरा देवीच्या व्रणांनी भरलाय," त्या म्हणाल्या. "हाताला माझाच वाटतो. पण त्याचे वडील गल्लीचे पंतोजी; त्यांच्या मुलाला साधं अक्षर वाचता येऊ नये?"

"तोतयाच," फांगचा मित्र ज्याओ म्हणाला. निकाल द्यायची त्याला फार घाई.

गल्लीत दारोदारी नव्या वर्षाचे लाल कागद होते, त्यांवर 'आनंद'. लूंच्या दारावर मात्र 'सुख'. फांग तिथे उगाच रेंगाळला आणि भुकेलेला ज्याओ कुरकुरला.

आजींच्या पुतण्याने, पेईवेनने, चहा देऊन सगळं सांगितलं. अक्षर एकच, उच्चार तीन. संगीत म्हणून वाचलं तर युए, आवड म्हणून वाचलं तर याओ, आणि आनंद म्हणून वाचायचा तिसरा उच्चार शेंबडं पोरही सांगेल. तिन्ही एका ओळीत घालून त्याने पाहुण्यापुढे ठेवले. अवघड दोन पाहुण्याने बिनचूक वाचले, तिसऱ्याला मात्र दातखीळ बसली.

"ओळ कोणी निवडली?"

"मीच."

पाहुणा मागच्या पडवीत गाठोडं बांधून बसला होता. का अडलास, असं विचारल्यावर तो एवढंच म्हणाला, "पेईवेनला ठाऊक आहे."

फांगने सगळ्यांना ओटीवर बोलावलं.

"आजी, यजमानांचं नाव काय?"

आजी या वयातही लाजल्या. "मी कसं घेऊ?"

"बरं. आनंद झाला तर काय म्हणता?"

"सुख वाटलं म्हणते," असं बोलून त्या थबकल्या. त्यांचा हात मुलाला शोधू लागला.

"अडाणी माणूस अवघडाशी अडला असता," फांग म्हणाला. "हा सोप्याशी अडला, कारण तो उच्चार म्हणजे याच्या वडिलांचं नाव. रीतीप्रमाणे ते मुलाच्या जिभेवर येत नाही, या घराच्या दारावरही येत नाही. तोतया असता तर घर मिळवायला घडाघडा वाचून मोकळा झाला असता. गल्ली त्यांना फक्त पंतोजी म्हणून ओळखायची. नाव ठाऊक असलेल्या एकानेच नेमकी ती ओळ काढली."

मुलगा नसता तर घर पुतण्याचंच होतं. दुपारची नाव सुटेलच, तिच्यात जागाही रिकामी आहे, असं गल्लीतल्या एका म्हाताऱ्याने पेईवेनला सुचवलं.

आजींनी मुलाचा कान लहानपणीसारखा धरला आणि मग मनसोक्त रडल्या. ज्याओचेही डोळे भरून आले.

"आजी, आता या घरात नुसता आ..." त्याने जीभ चावली. "सुख म्हणायचं होतं मला."

आजी रडता रडता हसल्या. "शिकलास हो. चल, जेवून जा."