वाढप्याला पांघरूण

सोमवारी दुपारी शाल्मली शाळेतून आली, दप्तर सोफ्यावर टाकलं आणि नेहमीप्रमाणे मोबाइलवर आईची गोष्ट लावली. गोष्टीऐवजी पडद्यावर एक ओळ आली : 'सर्व्हर सापडत नाही.' तिने पुन्हा लावून पाहिली. पुन्हा तेच.

या गोष्टी साध्यासुध्या नव्हत्या. शाल्मलीची आई वर्षभरासाठी अंटार्क्टिकावरच्या संशोधन केंद्रात गेली होती आणि तिथून सवड मिळेल तेव्हा आपल्या आवाजात एक गोष्ट पाठवत होती. अशा शहाऐंशी गोष्टी 'आभाळपेटी' नावाच्या कंपनीकडे साठवलेल्या होत्या. गेल्या आठवड्यात कंपनीने कळवलं, की रविवारी संध्याकाळी सहाला आमचा कारभार बंद होतोय, ज्याने त्याने आपापलं सामान घेऊन जावं. आईने तर तिकडच्या प्रती जागेअभावी केव्हाच पुसून टाकल्या होत्या.

मग आबा कामाला लागले. आबा म्हणजे आईचे वडील. एका दुर्बीण केंद्रातले संगणक त्यांनी आयुष्यभर सांभाळले होते, आणि जुनी वस्तू टाकायची म्हटलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा. माळ्यावरून त्यांनी पंधरा वर्षांपूर्वीचा, म्हणजे २०२६ सालचा लॅपटॉप काढला.

"याला आपण घरचा सर्व्हर करू," ते म्हणाले.

"म्हणजे काय करू?"

"वाढपी. पंगतीत तू 'मठ्ठा' म्हणतेस आणि वाढपी मठ्ठा आणतो ना? तसा तुझा मोबाइल म्हणणार, 'बारावी गोष्ट', आणि सर्व्हर (मागेल त्याला मागेल ते पुरवणारा संगणक) ती आणून वाढणार. आभाळपेटीकडेही असेच वाढपी आहेत. फक्त ते दुसऱ्याच्या घरचे."

"पण हा म्हातारा झालाय, आबा."

"वाढायला पैलवान लागत नाही. जागेवर हजर असला की पुरे."

शनिवारी दोघांनी लॅपटॉपवर नवी, हलकी कार्यप्रणाली (संगणकाचा सगळा कारभार पाहणारी मूळ आज्ञावली) चढवली. गोष्टी ऐकवणारं ॲप बसवलं. राउटरमध्ये (घरातली उपकरणं एकमेकांना जोडणाऱ्या डबीत) लॅपटॉपचा पत्ता कायमचा नोंदवला, म्हणजे मोबाइलला रोज नव्याने शोधाशोध नको. मग शहाऐंशी गोष्टी उतरवून घेतल्या. दुसरी प्रतही काढायची होती, पण तिच्यासाठी लागणारी डिस्क आबांना काही केल्या सापडेना. "सोमवारी बघू," ते म्हणाले. रविवारी ठरल्या वेळी आभाळपेटी बंद झाली, आणि आता हे असं.

"आबा, गोष्टी गेल्या," म्हणताना शाल्मलीला रडूच फुटलं.

आबांचाही चेहरा उतरला. तरी ते म्हणाले, "थांब जरा. वाढपी उत्तर देत नाही, तर एकतर त्याच्याकडचं सगळं सांडलंय, नाहीतर तो जागेवर नाही. आधी जागा बघू."

दोघं दिवाणखान्याच्या कोपऱ्यात गेली. तिथे टीव्हीवर विणलेला रुमाल होता, शिलाई मशीनवर झालरीचं कापड होतं, आणि शेजारी पोपट विणलेल्या रुमालाखाली काहीतरी चपटं झाकलेलं होतं. तो मिटलेला लॅपटॉप होता. समोर घरकामाचा यंत्रमानव नीटू फडकं झटकत उभा होता.

"नीटू, हे कोणी केलं?" आबांनी विचारलं.

"मी. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. वस्तूसमोर कोणी बसलेलं नव्हतं. वापरून झालेली वस्तू मिटून, झाकून ठेवायची, असा या घरचा नियम आहे. तो तुम्हीच शिकवलात."

शाल्मलीने आबांकडे पाहिलं. आबा पोपटांकडे पाहत राहिले.

"अगं, झाकण मिटलं की लॅपटॉपला वाटतं, मालक उठून गेला," ते म्हणाले. "मग तो निद्रावस्थेत जातो (वीज वाचवायला कामं थांबवून पडून राहतो). नीटूने आपल्या वाढप्याला पांघरूण घालून झोपवलं. उघड बघू."

तिने रुमाल सारून झाकण उघडलं. पडदा काळाच राहिला. मग उजेड आला, आणि मोबाइलवर यादी उतरली : एक ते शहाऐंशी. तिने मधलीच एक गोष्ट लावली. "तर काय झालं," आई सांगत होती, "त्या पेंग्विनला पोहायचाच कंटाळा." शाल्मलीचा जीव भांड्यात पडला. ती तिथेच फरशीवर बसली आणि रडता रडता हसू लागली.

झाकण मिटलं तरी जागं राहायचं, अशी सूचना आबांनी लॅपटॉपला देऊन टाकली. रुमालही कायमचा काढला, कारण आतली उष्णता बाहेर पडायला हवी.

"मग ही वस्तू वापरून केव्हा होते?" नीटूने विचारलं.

"होतच नाही," शाल्मली म्हणाली. "समोर कोणी नसलं तरी ती वापरातच असते. कोण केव्हा मागेल, सांगता येतं का?"

नीटूने नियम दुरुस्त केला. शनिवारी न सापडलेली डिस्कही त्यानेच पिशवीत घालून झाकून ठेवली होती. चहाच्या वेळेआधी दुसरी प्रत निघाली आणि जपून राहावी म्हणून शेजारच्या काकूंच्या कपाटात गेली. आईसाठी आबांनी बाहेरून घरापर्यंत एक कुलूपबंद वाट (किल्ली असलेल्यालाच आत सोडणारा जोडमार्ग) करून तिची किल्ली तिला पाठवून दिली. शाळेच्या अडगळीत तीन लॅपटॉप पडून आहेत, तेही असेच वाढपी करायला मागून आणायचे शाल्मलीने मनाशी ठरवून टाकलं.

संध्याकाळी यादीत आपोआप आकडा उमटला : सत्त्याऐंशी. पाठोपाठ आईचा फोन आला.

"पोचली का गं गोष्ट? आता कुठल्या कंपनीकडे?"

"कुठल्याच नाही. थेट घरी आली."

आई म्हणाली, "डिसेंबरात मीही तशीच येते."