खिडकीकडची जागा

आता काय सांगावं! जिवाची मैत्रीण गेली आणि सगुणाबाईला तिचं तोंडसुद्धा पाहता आलं नाही. नामांतराच्या बंदात एस.टी. गाड्या जागच्या जागी उभ्या होत्या. दगडाबाई गेली ती माहेरी, तिकडं पालमजवळ. मातीला जायचं तरी कसं? गाड्या सुरू झाल्याचं कळलं, तशी सगुणाबाईनं फडक्यात भाकरी बांधल्या. दगडाबाईची म्हातारी माय, केशरबाई, घरात एकटी होती. तिला धीर द्यायला निघायचं होतं. पण निघण्याआधी संगतीच्या बायांना सांगावं म्हणून ती कापसाच्या रानात गेली.

सरजाबाई आणि धुरपताबाई वेचणीला लागल्या होत्या. चौघींच्या पाती ठरलेल्या, ज्या त्या बाईनं आपापली ओळ वेचायची. बांधाकडची पात दगडाबाईची. ती तशीच पांढरी उभी होती. तिला हात लावायला कोणी धजत नव्हतं.

“म्हातारी नुसती भिंतीकडं बघायलीय म्हणं,” सरजाबाई म्हणाली. “लेक भांडून उपाशीच निघाली, ‘येते’ बी म्हणली न्हाई, अन् तिकडंच बांधावर साप चावला. त्याचाच घोर घेतलाय तिनं.”

धुरपताबाईनं लसणाची चटणी पुढं केली. “अशीच ऱ्हायली तर म्हातारी बी जाईल गं. कसं बी करून दोन घास खाऊ घाल.”

“घालते. येते गं बायांनो.”

“ये.”

निघताना बांधाकडं वळून चेष्टा करायची सगुणाबाईची जुनी खोड. तोंडातून निघूनच गेलं, “अन् तू गं दगडे? येतीस का संगं?”

तिनं जीभ चावली. धुरपताबाईचा हात बोंडावरच थांबला.

“सगुणे... गेलेल्या माणसाला आवतन देऊ न्हाई...”

वारा नव्हता. तरी बांधाकडची झाडं एकामागून एक हलत आली, कोणी ओळीतून वाट काढत यावं तशी. आणि मिश्रीचा वास आला. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड चौघींत एकटी दगडाबाईच दाताला लावायची. सगुणाबाईनं पदर सावरला आणि मागं न बघता पोखर्णीचा फाटा गाठला.

गाडी चिकार भरलेली होती. आत बाया, बोचकी, कोंबड्या; माणसं तर दारात लोंबकळत होती. सगुणाबाईला मात्र जागा मिळाली, आणि तिच्या शेजारची खिडकीकडची जागा मोकळीच राहिली. माणसं यायची, तिकडं बघायची आणि पुढं सरकायची.

“दोन ना, मावशी?” कंडक्टरनं विचारलं.

“एकच... एकटीच हाय मी.”

त्यानं खिडकीकडं पाहिलं, कान खाजवला आणि एकच तिकीट फाडलं. पालम येईपर्यंत मिश्रीचा वास काही गेला नाही.

केशरबाई भिंतीला टेकून बसली होती. सगुणाबाई तिच्या गळ्यात पडून मनसोक्त रडली; म्हातारीच्या डोळ्यांत मात्र टिपूस नव्हतं.

“माजी लेक उपाशी गेली, बाई. ‘येते’ म्हणली असती तर ‘ये’ म्हणले असते. आता म्या कशी खाऊ?”

सगुणाबाईनं घास केला, ओठांशी धरला. विनवण्या केल्या, रागावली, दगडाबाईची शपथ घातली. ओठ उघडेनात. अशानं ही आठवडासुद्धा काढायची नाही, हे तिला दिसत होतं. ऊन उतरलं, परतीच्या गाडीची वेळ झाली. तिनं भाकरी म्हातारीपुढं ठेवली आणि उठली. सुतकाच्या घरातून निघताना कोणी ‘येते’ म्हणत नाही. मुकाट्यानं निघायचं आणि मागं बघायचं नाही. तिनं तोंडाला पदर लावला, उंबरा ओलांडला, तोच...

“येते गं, माय...”

सगुणाबाईचे ओठ तर मिटलेले होते.

आत म्हातारीनं हंबरडा फोडला. “ये गं माजी बाय... ये लेकरा... सावकाश जा...” आणि मग रडता रडताच भाकरी मोडल्याचा आवाज आला. सगुणाबाईला भीती वाटत होतीच. पण जीव असा हलका झाला म्हणता! तिनं मागं पाहिलं नाही.

परतीची गाडी निम्मी रिकामी होती आणि कंडक्टरही वेगळा. सगुणाबाई खिडकी सोडून अलीकडं बसली.

“दोन का?” कंडक्टरनं विचारलं.

मिश्रीचा वास अगदी खांद्याजवळ होता.

“दोन,” ती हळूच म्हणाली. “पोखर्णी फाटा.”

त्यानं एक तिकीट तिच्या हातात दिलं. दुसरं तिच्यापलीकडं खिडकीकडं धरलं, सोडलं आणि पुढं गेला.

ते तिकीट काही खाली पडलं नाही.