डाव्या कानाजवळची खुर्ची

गायकाचा गुडघा बदललाय म्हणे. ड्रमवाला परवा पणजोबा झाला.

टीशर्टवरचं चित्र धुऊन धुऊन गेलं, की शेवटी उरतात ते फक्त चार माणसांचे केस.

"ताई, माझं तिकीट कुणाला तरी देऊन टाक गं. बाळाला ताप आहे." धाकट्या बहिणीचा फोन.

फार दमलं की शांततासुद्धा गुणगुणायला लागते.

हे सगळं एकाच मंगळवारचं.

मी कान तपासते. काचेच्या अलीकडे यंत्र आणि मी, पलीकडे बंद खोलीत हेडफोन लावलेला माणूस. मी बारीक आवाज सोडायचा, ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. दिवसभर हेच. घरी गेल्यावर मला फ्रिजची घरघरही सोसत नाही. त्या म्हाताऱ्या रॉक बँडची तिकिटं मोठ्या हौसेने काढली होती मी. पण वाट बघून बघूनच दमले. आता शनिवार आठवला की एवढंच मनात येई – बसायला खुर्ची मिळेल का?

त्या दिवशीचा शेवटचा माणूस साउंडवाला होता. शनिवारी त्याच बँडच्या आवाजाचा मिक्सर सांभाळायचा, म्हणून कंपनीने कान तपासायला पाठवलेला. धुऊन गेलेला टीशर्ट त्याचाच.

उजवा कान छान. डावाही छान... जरा जास्तच छान. मग माझंच चुकलं. डोळ्यांवर एवढी झापड होती, की आवाजाची पातळी शून्यावर ठेवूनच मी कळ दाबली. काहीच गेलं नाही. त्याने मात्र बटण दाबलं.

मी दार उघडलं. "काय ऐकलंत?"

"बारीक... शिट्टीसारखं."

"मी आवाज सोडलाच नव्हता."

त्याने हेडफोन गळ्यात घेतला. "तुमची भुवई."

"काय?"

"आवाज सोडताना डावी भुवई वर जाते तुमची. थोडीशीच... पण जाते."

"म्हणजे मघापासून तुम्ही –"

"उजव्या कानाच्या वेळी प्रामाणिक होतो. तेव्हा नुसताच बघत होतो."

हसू आलं असतं, पण चेहऱ्यात तेवढं त्राण नव्हतं. त्याची खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि पुन्हा तपासलं. डाव्या कानाला वरचे सूर ऐकूच येत नव्हते.

"असंच लिहिणार?" त्याने विचारलं.

"असंच."

"शाळेत असल्यापासून ऐकतोय त्यांना. शनिवारी त्यांचा आवाज माझ्या हातात असणार होता. ते पुन्हा यायचे नाहीत, मॅडम. वयं बघा त्यांची."

"तिकीट माझ्याकडेही आहे. कानठळ्या बसवून घ्यायला नाही काढलेलं."

तो दारापर्यंत गेला आणि वळला. "एवढं कडू बोलताना मात्र भुवई जागची हलत नाही तुमची."

दोन दिवसांनी तो पुन्हा दारात.

"रिपोर्ट मीच मालकांपुढे ठेवला. म्हणाले, मिक्सर तुझाच. पण डाव्या बाजूला चांगल्या कानाचं कुणीतरी बसव. नाहीतर दुसऱ्याला देतो."

"मग बसवा की. कंपनीत माणसं नाहीत?"

"आहेत ना. सगळी माझ्यासारखीच... स्पीकरपुढे कान गहाण टाकलेली."

"संध्याकाळी मी फार दमलेली असते हो."

"मिक्सरजवळ खुर्च्या असतात," तो म्हणाला.

दोन्ही तिकिटं मी ऑफिसात देऊन टाकली.

शनिवारी ऊन कलताना गायक काठी टेकत आला, स्टुलावर बसला. "गुडघा नवा आहे," तो माइकमध्ये म्हणाला. "बाकी सगळं जुनंच चालवून घ्या."

पहिल्याच गाण्यात वरच्या सुरावर त्याचा आवाज चिरकला. त्याने तो चिरकू दिला. तेवढ्यात ड्रमवाल्याच्या झांजा सुईसारख्या कानात घुसल्या. मला काही सांगावं लागलं नाही. मिक्सरवर हात ठेवून तो माझ्याकडेच बघत होता. भुवई वर गेली, झांजा खाली आल्या. पुन्हा गेली, आणखी थोड्या आल्या. माझ्या चेहऱ्यावरून तो गाणं लावत होता.

तिसऱ्या गाण्यात सगळं जागच्या जागी होतं. तरी तो बघतच राहिला.

"आता काय?" मी विचारलं. त्याच्या डाव्या कानाला ते पोचलं नाही. मी त्याची हनुवटी धरून उजवा कान माझ्याकडे वळवला. "झांजा बरोबर आहेत. आता का बघतोयस?"

बघतोयस. माझ्या तोंडून निसटलंच.

"आता..." तो म्हणाला, "आता नुसताच."

पाय दुखतच होते. थकवाही होता तिथेच. फक्त घरी जावंसं वाटत नव्हतं. त्याच्या हनुवटीवरचा हात मी काढून घ्यायला हवा होता. नाही काढला.

खरं तर त्याचे कान तपासले त्या मंगळवारी माझी सुट्टी होती. सहकारीण आजारी पडली म्हणून मी कामावर गेले होते.