जोडलेला कप

शेंगा खा, पण टरफलं पायरीवर टाकू नका. सकाळी झाडायला मलाच लागतं.

२०१९च्या ऑक्टोबरमधला शेवटचा शुक्रवार होता आणि सीफस गिलियर्ड गोंद आणायला बाहेर पडला होता. सीफस माझा शाळेपासूनचा मित्र. मी जन्मभर कचेरीत शिक्के मारले, त्यानं जन्मभर गोष्टी विकल्या. चार्ल्स्टनच्या बाहेर नदीकाठी ती पांढऱ्या खांबांची हवेली आहे ना, तिथे तो पाहुण्यांना कंदील घेऊन फिरवायचा. लोक तिथे बाग बघायला येतात आणि भूत बघायला. भूत म्हणजे एक गोरी नवरी, जिन्यावरून पडलेली. सीफस म्हणायचा, "आयझम, तो जिना तिच्या लग्नानंतर पन्नास वर्षांनी बांधलाय. पण लोकांना नवरी आवडते." तिथल्या भातखाचरांत गुलाम म्हणून राबताना तापानं मेलेली आपली काळी माणसं मात्र भूत व्हायच्या लायकीची नव्हती.

"काका, ही भुताची गोष्ट आहे की कचेरीतली तक्रार?"

दोन्ही, डेलिया. ऐक.

आपली ती माणसं हवेलीमागे, पाइनच्या झाडांखाली पुरलेली. दगड नाहीत, नावं नाहीत. प्रत्येकाच्या हातात शेवटी जी वस्तू होती ती वर ठेवलेली. कप, ताटली, दिव्याची काच. आणि ठेवताना फोडलेली. का फोडायची, ते तुमच्या आयांनी सांगितलं असेलच. साखळी तुटावी म्हणून. नाही तुटली, तर गेलेला माणूस घरातल्या दुसऱ्याला बोलावतो.

हवेलीच्या व्यवस्थापक मिस टॅली यांना लग्नं लावायला हिरवळ हवी होती. झाडं गेली, जमीन सपाट झाली, कप गोळा झाले. भेटवस्तूंच्या दुकानात त्यांच्यासाठी काचेचं कपाट आलं. वर पाटी, 'जुन्या स्वयंपाकघरातली भांडी.' मग मिस टॅली सीफसला म्हणाल्या, "फुटकी बरी नाही दिसत रे. तुझा हात हलका आहे. जोडून दे ना, राजा."

"आणि त्यानं जोडली? माहीत असून?"

माहीत असून. त्याची मुलगी जोनेल तेव्हा पोटुशी होती, अंथरुणाला खिळलेली. तिच्या औषधपाण्याचा विमा त्या नोकरीतून यायचा. रागावायलासुद्धा पगार लागतो, पोरी.

शनिवारी सकाळी कपाट उघडायचं होतं. एकच कप उरला होता, निळ्या काठाचा. तो सीफसनं मुद्दाम मागे ठेवलेला. त्याच्या पणजीचा, बायनाचा. लहानपणी आजीबरोबर तिथे जाऊन त्यानं तो पाहिलेला होता.

गोंद घेऊन तो रात्री दुकानात शिरला. दार लावलं. दिवा लावला. पाच तुकडे होते, छान बसले. सांधासुद्धा दिसेना. कप कपाटात ठेवला, कुलूप घातलं आणि सिगारेट ओढायला बाहेर गेला.

परत आला, तर कप टेबलावर होता.

कुलूप तसंच. किल्ली खिशात.

त्याला वाटलं, आपणच विसरलो. वय झालं. कप उचलला, तर हात ओला झाला. आत पाणी होतं, काठोकाठ. त्यानं ते कुंडीत ओतलं, कप पुसला, पुन्हा कुलूप घातलं. या वेळी बाहेर गेला नाही. कपाटाकडे बघत बसला.

दिवा गेला... आणि आला.

कप टेबलावर. भरलेला. काठावर ओठाची ओली खूण.

मागे कुणीतरी उभं होतं. सीफसनं मान वळवली नाही. चिखलाचा वास आला. भातखाचराचा.

"कोण येतंय?"

म्हाताऱ्या बाईचा आवाज. रागाचा नव्हे. घरचं माणूस दारातून विचारतं, तसा.

सीफसला जोनेल आठवली. तिचं पोट आठवलं.

"मी," तो म्हणाला.



मग...

"आणि?"

त्यानं हातोडी घेतली. कप विटांच्या जमिनीवर ठेवून घातली. पुन्हा घातली. वीट फुटली. कप फुटला नाही.

पहाटे तो इथे आला, तू बसलीस त्याच खुर्चीत बसला आणि हे सगळं सांगितलं. मी शहाणा माणूस, पुस्तकं वाचलेला. म्हटलं, "गोंदाच्या वासानं डोकं फिरलंय तुझं."

तो म्हणाला, "आयझम, ती 'आणि' म्हणाली."

सकाळी कपाट उघडलं. मिस टॅली म्हणाल्या, "सीफस, काय सफाई आहे रे हाताला!" पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

रविवारी माझ्याकडे कॉफी पिता पिता सीफस गेला. अर्धा कप उरला होता. चर्चमागे त्याला पुरलं. कप माझाच, पांढरा. त्याचं बूड मी माझ्या हातानं फोडलं आणि कप कबरीवर ठेवला. दोनदा तपासला. कारकुनाची सवय.

नोव्हेंबरात जोनेलला मुलगी झाली. ठणठणीत. तिचं नाव बायना ठेवलं.

मध्यंतरी मी तिकीट काढून हवेलीत गेलो. आता तिथे नवीन भूत आहे. कंदील घेतलेला पोरगेला गाईड सांगत होता, "म्हाताऱ्या सीफसचं या घरावर इतकं प्रेम होतं, की मेल्यावरही त्याला जाववेना." शेजारच्या बाईनं डोळे पुसले. ज्याला त्या हवेलीतून सुटायचं होतं, त्याला त्यांनी कायमचा कामाला लावला. बिनपगारी. आणि नवरीला बढती नाही की काही नाही.

"काका, मग संपली गोष्ट?"

मलाही तसंच वाटत होतं. गेल्या रविवारी सीफसकडे गेलो. तुम्हाला माहीत आहे, महिनाभर पाऊस नाही, गवत वाळून गेलंय. कबरीवर कप होता. मी उचलला, तर बूड जुळलेलं आणि आत पाणी.

मी तो दगडावर आपटला. फुटला. तुकडे मोजून ठेवले आणि घरी आलो.

जोनेलला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

आज सकाळी पुन्हा गेलो.

कप अखंड होता... काठोकाठ भरलेला. आणि काठावर ओठाची खूण. लहान मुलाची असते ना, तेवढीच.