पेवावरची रस्सीखेच

ही गोष्ट छप्पनच्या हिवाळ्यातली की सत्तावनच्या, याची उद्धवरावांना आजही खात्री नाही. दोर किती लांब होता हेही ते दर वेळी निराळंच सांगतात. इंदुताई होत्या तोवर त्या मध्येच टोकायच्या, "अहो, वाढवू नका." पण दोर अंबाडीचा होता, काथ्याचा नव्हता, यावर नवराबायकोचं कधी दुमत झालं नाही.

सुरुवात साध्या कामाने झाली. पवनेच्या पात्रातली गाडीभर वाळू हवी होती, आणि ती कुत्र्यासाठी हवी होती.

पिंपरीच्या माळावर औषधांचा कारखाना नुकता उभा राहिला होता. उद्धवराव तिथल्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होते. विलायतेची डॉक्टरेट पदरी असूनही बाटलीचं बूच बसवल्यावर दोनदा चाचपून बघणारा माणूस! नवराबायको दोघंही मूळची राजापूरकडची. वसाहतीत चिटपाखरू नसे, इंदुताईंना करमेना, म्हणून त्यांनी एक तांबूस पिल्लू घरात आणलं. त्याने आल्या आल्या तुळशीची माती उपसली आणि त्याचं नाव पडलं सुरुंग.

पुढे सुरुंगने शेजारची शेवंती उकरली, मोठ्या साहेबांच्या गुलाबांची कलमं मुळासकट वर काढली. त्यातच वसाहतीत फुलबागांची स्पर्धा ठरली. देखरेखीवरचे मारुतराव फाटकात येऊन उभे राहिले.

"डॉक्टरसाहेब, अजून एक वाफा उकरला, की बसवतो याला खडीच्या ट्रकात आणि देतो खंडाळ्याच्या घाटात सोडून. खणू दे तिथं रेल्वेचे बोगदे!"

"तो गेला की मीपण राजापूरची एस. टी. धरते," इंदुताई आतून म्हणाल्या. त्या उगाच बोलत नसत, हे उद्धवरावांना पुरतं ठाऊक होतं.

ते विचारात पडले. उकरणं हा कुत्र्याचा स्वभाव. पाण्याला नुसता बांध घातला तर ते भलतीकडून फुटतं. पाट काढून दिला तर गुमान वाहतं. सुरुंगला त्याची हक्काची जागा द्यावी, तिथे वाळूत खेळणी पुरावीत, तिथे उकरलं की शाबासकी द्यावी आणि दुसरीकडे उकरलं की न मारता उचलून इथे आणावं. जमेल? न जमायला काय झालं? पण नाही जमलं तर?

घरामागच्या कोपऱ्यात जमिनीचा एक गोल तुकडा थोडासा खचलेला होता. माती भुसभुशीत, गवताची काडी नाही. सुरुंग तिथे सारखा हुंगत असे. उद्धवराव तिथे वाळू टाकून घेत असताना गावातून दूध घालायला येणारी गोजाबाई थबकली.

"तितं नगं, सायब. तितं पेव हाय."

उद्धवरावांचा चेहरा उजळला. पेव! लहानपणी पावसाळ्यात बांधाबांधावर पाहिलेलं पांढऱ्या फुलांचं झाड. जमिनीखाली त्याचे जाडजूड कांदे पसरतात. म्हणजे माती का भुसभुशीत आणि सुरुंग का हुंगतो, दोन्हींचा उलगडा झाला.

"असू दे की, गोजाबाई. औषधी असतं ते."

गोजाबाई बघतच राहिली. "आवशदी? ...बरं. तुमी शिकल्याली मानसं. पन शेजारी कंदील लावून ठिवा. इझला तर तितनं हला."

गावाकडची रीत असेल म्हणून इंदुताईंनी मान डोलावली आणि त्या रोज तिन्हीसांजेला तिथे कंदील ठेवू लागल्या.

त्यांनी जुन्या लुगड्याच्या हिरव्या काठाचा घट्ट चेंडू शिवला. करवंट्या आणि भाकरीचे कडक तुकडे वाळूत पुरले. राजापूरहून आणलेल्या काथ्याच्या दोराला दोन्ही टोकांना गाठी मारल्या. एक टोक खोल पुरलं, दुसरं वर ठेवलं. ते सुरुंगने ओढायचं.

आणि काय सांगावं, युक्ती लागू पडली! सकाळी दार उघडताच सुरुंग बाणासारखा वाळूकडे सुटायचा आणि दमूनभागून पायरीवर झोपायचा. शेजारची शेवंती पुन्हा फुलली. मारुतराव बघायला आले आणि कमरेवर हात ठेवून हसत सुटले.

"काय राव, कुत्र्याची बालवाडी काढलीत!"

त्या दिवशी उद्धवरावांनी आयुष्यात पहिल्यांदा बूच दुसऱ्यांदा चाचपलं नाही.

मग हिरवा चेंडू हरवला. त्यांनी वाळू तळापर्यंत चाळली, चेंडू नव्हता. पुढे दोर आखूड होऊ लागला. वर सोडलेलं टोक दर सकाळी थोडं कमी भरायचं. आपणच मुळात कमी ठेवला असेल, असं म्हणून ते गप्प बसले. संध्याकाळी सुरुंग वाळूला कान लावून बसे आणि शेपटी हलवत राही, जणू कुणी ओळखीचं हाक मारतंय. अशा वेळी एक वास यायचा. आंबूस... दमट... बंद कोठीतल्या धान्यासारखा.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिन्हीसांजेला नदीकडून धुकं चढलं. इंदुताईंनी कंदील ठेवला. सुरुंग दोराशी झोंबत होता, लाडाने गुरगुरत होता. मग ती गुरगुर बदलली.

उद्धवरावांनी पाहिलं, सुरुंगचे पुढचे पाय वाळूत कोपरापर्यंत गेले होते. दोर ताणून सरळ खाली उतरला होता. सुरुंगने दातांची पकड सोडली नव्हती, आणि दोर त्याला खाली नेत होता.

"सोड, सुरुंग... सोड!"

त्यांनी त्याला पोटाशी कवटाळून धरलं. दोर कशात अडकलेला असता तर नुसता ताठ राहिला असता. हा मध्येच सैल पडे... आणि मग पुन्हा हिसका बसे. खाली कुणीतरी दम खाऊन पुन्हा जोर लावत असल्यासारखा.

वारा अजिबात नव्हता. तरी कंदिलाची ज्योत बुटकी झाली, निळी झाली आणि गेली.

इंदुताई स्वयंपाकघरातून कोयता घेऊन धावल्या. तेवढ्यात कुंपणाशी दुधाची चरवी घेऊन गोजाबाई उभी दिसली.

"पेवात दोर कुनी सोडला?"

"अहो, झाडाच्या कांद्यात अडकला असेल..." उद्धवराव कसेबसे म्हणाले.

"कंचं झाड? सायब, पेव म्हंजी जुंधळ्याचं पेव! भुईच्या पोटातली कोठी!" तिचा आवाज एकदम खाली आला. "माजा थोरला दीर... भैरू... ह्यात उतरला हुता. कंदील सोडून बगितला न्हाई. खालची हवा मेलेली. कमरंचा दोर तुटला... पुन्यांदा कुनाची छाती झाली न्हाई उतरायची. मग वर फरशी ठिवली, चुन्यानं बुजवली..."

सुरुंगचे खांदे वाळूला टेकले होते.

आणि दोराला दोन झटके बसले. दोनच. मग दोर स्तब्ध झाला.

गोजाबाईच्या हातातली चरवी कलंडली. "दोनदा वढलं म्हंजी..." ती कुजबुजली, "वर घ्या."

इंदुताईंनी कोयता उगारला. एक घाव, आणि कुत्रा सुटला असता. पण उद्धवरावांच्या तोंडातून निघालेला आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

"कापू नकोस. ओढ!"

तिघांनी दोर धरला, चौथा सुरुंग. पाय रोवून, दात खाऊन ओढू लागले. काथ्याचा दोर संपला तिथे त्याला दुसऱ्या दोराची गाठ होती. काळपट, जुना, अंबाडीचा दोर. ही गाठ उद्धवरावांनी मारलेली नव्हती. हातावर हात टाकत ते ओढत राहिले, दोर येतच राहिला. तळहात सोलले. "भावजी, धरून ऱ्हावा!" गोजाबाई ओरडत होती. "आलं, आलं, वर आलं!"

वाळूने मोठा सुस्कारा सोडला. तो आंबूस वास एकदाच भपकन तोंडावर आला आणि विरून गेला. चौघंही उताणी पडली.

दोराच्या टोकाला कमरेत अडकवायचा फास होता. रिकामा. उद्धवरावांनी त्याला हात लावला. तो उबदार होता.

सुरुंग उठला. कुणाच्या तरी पायाशी घुटमळावं तसा शेपटी हलवत कुंपणापर्यंत गेला, गावाच्या वाटेकडे क्षणभर बघत राहिला आणि परत आला. गोजाबाईने पदर डोक्यावर घेतला आणि त्या वाटेला हात जोडले. इंदुताई हसत होत्या की रडत होत्या, ते कळत नव्हतं. त्यांनी काडी ओढून कंदील लावला. ज्योत सरळ उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी वसाहतीत एकही वाफा उकरलेला नव्हता. मारुतरावांनी सर्वांदेखत सुरुंगच्या गळ्यात झेंडूची माळ घातली. "घाट रद्द!" ते म्हणाले. सुरुंग म्हातारा होऊन मेला तो त्याच घरात. उकरणं त्याने कधीच सोडलं नाही, पण उकरलं ते आपल्याच वाळूत.

पुढे उद्धवराव निवृत्त झाल्यावर सांडपाण्याची नवी लाइन टाकताना त्या कोपऱ्यात खोदलं. त्यांना कळवलं तसे ते मुद्दाम गेले. वाळूखाली फरशी निघाली. कडेचा चुना त्यांनी सगळीकडून बोट फिरवून तपासला, सवयीने दोनदा. कुठेही तडा नव्हता, दोरच काय, सुतळी जाईल एवढी फट नव्हती. फरशी काढल्यावर त्यांनी आधी कंदील सोडायला लावला, मग माणूस उतरवला. खाली काळी पडलेली ज्वारी होती आणि तिच्यावर व्यवस्थित जोडीने काढून ठेवलेल्या वहाणा होत्या. हाडाचा तुकडादेखील नव्हता.

वहाणांशेजारी हिरव्या काठाचा चेंडू होता. उतरलेल्या माणसाने तो वर आणून उद्धवरावांच्या हातावर ठेवला.

सुरुंगला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. चेंडूवर दातांचे ताजे व्रण होते, आणि तो लाळेने ओला होता.