ओबरलिंडाच्या चर्चमधला चुकलेला सूर

दिवा तेवढाच राहू दे, मोठा करू नका. फोल्कमारचं सांगतो. लाइपझिगला आम्ही दोघं एकाच स्टुडिओत जुनी ध्वनिमुद्रणं साफ करायचो. हे त्याच्याच तोंडून ऐकलंय.

गेल्या साली इर्मगार्ड टाल्हाइम या चेलोवादक बाईंची जुनी तबकडी नव्याने काढायचं ठरलं. ओबरलिंडा गावच्या चर्चमध्ये, लाकडी चौथऱ्यावर चेलोची खालची लोखंडी अणी रोवून, अंगात फणफणता ताप असताना बाई वाजवायला बसल्या होत्या. एका जागी बोट घसरलं, सूर चुकला. आठवड्याच्या आत बाई गेल्या. तबकडी त्या चुकीसकटच निघाली.

फोल्कमारने ती चूक कापली. त्याच वादनात पुढे तो सूर नीट लागला होता, तो उचलून इथे चिकटवला. सांधा कुणाच्या बापाला कळला नसता. बाईंची धाकटी बहीण गुडरून ऐकायला आली. त्या जागी ती ताडकन उठून उभी राहिली.

"माझी ताई कुठे गेली?"

"आजी, इथेच आहेत की. फक्त चूक काढलीय."

"ती तिची चूक होती. तुम्ही कोण काढणारे?"

"अहो, लोक हसतील त्यांना."

"इतकी वर्षं कोणी हसलं नाही. पहिले तुम्हीच."

फोल्कमारने ते कानाआड केलं. सांधा पुरता झाकायला, त्याखाली घालायला त्याला त्याच चर्चमधली शांतता हवी होती. रिकाम्या जागेलाही आवाज असतो पोरांनो, प्रत्येकीचा वेगळा. पण दिवसभर रस्त्यावर ट्रक. म्हणून तो रात्री गेला. नोव्हेंबरातला मृतांचा रविवार, तिकडे गेलेल्या माणसांची आठवण काढायचा दिवस; साडेअकराचा सुमार. थडग्यांवरच्या मेणबत्त्या विझत आलेल्या.

चर्चचा राखणदार किल्ली देत म्हणाला, "शांतता न्यायला आलात? न्या की पोतंभर! आमच्याकडे दुसरं आहे काय?"

फोल्कमारने आतून दार लावलं. माइक उभा केला. कानाला हेडफोन लावले. मुद्रण सुरू केलं.

शांतता...

मग श्वास. कुणीतरी धापा टाकत होतं.

त्याने मागे पाहिलं. कोणी नाही.

मग चेलो. अगदी हळू. तीच रचना. त्या जागेपर्यंत आली... आणि थांबली.

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच... थांबली. अंधारात जिना उतरताना पायरीच सापडू नये, तशी.

त्याने हेडफोन काढले. चिडीचूप. लावले. पुन्हा तेच. आता घाईघाईने. श्वास जवळ आला होता. गरम. मानेवर.

पळावं म्हटलं तर पाय हलेनात.

"बाई..." तो माइककडे तोंड करून म्हणाला. "बाई, परत लावतो. तुमचा सूर... तुमचाच लावतो."

काही नाही.

काही नाही...

मग चेलो पहिल्यापासून सुरू झाला. त्या जागी बोट घसरलं. आणि सूर पुढे गेला. थेट शेवटपर्यंत.

फोल्कमार तसाच गाडी हाकत स्टुडिओत आला आणि उजाडायच्या आत चूक जागेवर बसवली. रात्रीचं मुद्रण ऐकलं, तर नुसता वारा. भास झाला म्हणून त्याने स्वतःची समजूत घातली.

दुपारी राखणदाराचा फोन आला. आवाज चढलेला.

"शांतता न्यायला आलो म्हणालात, आणि चेलोवाला घेऊन आलात होय?"

"मी एकटाच होतो."

"मग चौथऱ्याच्या लाकडाला भोक कुणी पाडलं? चेलोची अणी रोवल्याचं आहे ते, मला कळत नाही का?"

"जुनं असेल हो..."

"जुनं? भुसा अजून शेजारी पडलाय."