बस्तीतल्या डोळ्याला दिसलेली वात

या, पुढं सरकून बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही या. कीर्तनाला उशिरा आलेल्यालासुद्धा बुवा नजरेनंच जागा करून देतात, तशी तुम्हाला करून देतो. आज एका वातीची गोष्ट सांगायची आहे. वात केवढी? करंगळीच्या पेराएवढी. पण तिच्या उजेडात दोन मोठ्या माणसांच्या माना खाली गेल्या. खुणा सगळ्या उघड्यावर मांडीन. ओळखता आलं तर माझ्याआधी ओळखा.

श्रुतपंचमीची सकाळ. जैनांचा शास्त्रपूजेचा दिवस. सांगलीजवळच्या एका गावातून पोलीस ठाण्यात फोन आला.

"म्याडम, लवकर या! बस्तीतली शास्त्रं बुडाली!"

फौजदार संयोगिता मूळची कोरेगावची. बाप सैन्यात, त्यामुळं शिस्त अंगात मुरलेली. साताऱ्याला फिजिक्स घेऊन पदवी झाली आणि मग खाकी अंगावर चढली. ती बस्तीत, म्हणजे गावातल्या जैन मंदिरात, पोचली तेव्हा ग्रंथकोठीच्या छतातून अजून थेंब गळत होते. कपाटं उघडी. ताडपत्रांचे गठ्ठे ओले, कागदी पोथ्यांची शाई ओघळलेली. भिंतीवर आगीची चाहूल घेणारं यंत्र होतं. गावात त्याला 'डोळा' म्हणत. डोळ्याला ज्वाळा दिसली की भोंगा वाजायचा आणि छतातून फवारे सुटायचे.

पण आग कुठंच लागली नव्हती.

बस्तीसमोरचा दुकानदार नानासो सगळ्यांच्या पुढं उभा होता.

"फोन मीच केला. गुंडाचं काम हाय हे, त्या खांबापाशी हुबा हाय त्याचं. राखणदार म्हणून ठेवला, अन् भाईर खिडकीपाशी बिडी वढत हुता. म्या डोळ्यानं बघितलं."

गुंडा खांबाला चिकटून उभा होता. खिशात काड्यापेटी, बोटांना बिडीचा वास.

"बिडी ओढलीस?"

"व्हय."

"पेटवलीस आणि लगेच भोंगा वाजला?"

"लगीच न्हाई. अर्धी झाली हुती. पर माझ्यामुळंच झालं, म्याडम. शास्त्राच्या दाराशी असली घाण करायची व्हय? लय लाज वाटती."

आरोपी स्वतःच कबूल करतोय म्हटल्यावर आणखी काय पाहिजे? संयोगितानं त्याला जीपमध्ये मागं बसवलं. पेठेत गर्दी, जीप मुंगीच्या पावलानं चाललेली. लोक वाकून वाकून बघत होते. गुंडाची बायको धोंडुबाई नळावर होती. तिनं पदर डोळ्यांपर्यंत ओढला आणि घागर तशीच टाकून घरात गेली. संयोगिताला ते दिसलं. गर्दीला थोडं बघू दे, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

गुंडाला ठाण्यात बसवून ती पंचनाम्याला परतली.

कोठीत ट्रस्टचे अध्यक्ष पायगोंडा अण्णा ओल्या धोतरातच पोथ्या पुसत बसले होते. वय सत्तरीच्या पुढं. बाया कौतुकानं बोलत होत्या, "अण्णा नसते तर एक पान हाती लागलं नसतं." कौतुक कानावर पडलं की अण्णा आणखी खाली वाकत.

कोपऱ्यातल्या कपाटापुढं पाण्याचं थारोळं होतं. त्यावर संयोगिताला तुपाचे बारीक बारीक ठिपके तरंगताना दिसले.

"आत पूजा झाली होती का?" तिनं नानासोला विचारलं.

"आत? डोळा बसवल्यापासनं आत वात लावायची न्हाई, हा अण्णांचाच हुकूम. पूजा भाईर मंडपात."

"खिडकी कुणी लावली?"

"ती कायम बंदच असती. धूळ नको म्हणून काच पक्की बसवलीया."

"तुम्ही आत आलात तेव्हा दार?"

"उघडं. अण्णा आधीच आत, पोथ्या काढत हुते. म्हातारा माणूस, पर धडपड बघा!"

"डोळा बसवला तेव्हा तपासून घेतला होता?"

"घेतला की! अण्णांनी लग्नमांडवातला मोठा काचेचा हॅलोजन त्याच्या तोंडावर धरला. आमचं डोळं दिपलं, पर त्यो ढिम्म. बसवणारा माणूस म्हणाला, उजेडाला भीत न्हाई ह्यो."

संयोगितानं मान वर करून डोळ्याकडं बघितलं. साताऱ्याच्या प्रयोगशाळेतला, प्रकाशाच्या प्रयोगाचा जस्ताचा पत्रा तिला आठवला. आणि 'अर्धी झाली हुती' हे गुंडाचे शब्द आठवले. सकाळी ते तिच्या कानावरून गेले होते, कानात शिरले नव्हते. तिला स्वतःचाच राग आला.

तिनं फवाऱ्यांचा व्हॉल्व्ह बंद करून घेतला, पंचांना कोठीत बोलावलं आणि स्वतः बाहेर खिडकीपाशी जाऊन काडी ओढली. काचेतून ज्वाळा सगळ्यांना स्वच्छ दिसली. डोळा गप्प. एकामागून एक काड्या जाळल्या. गप्पच. मग ती आत आली आणि लांबच्या कोपऱ्यात उभं राहून एकच काडी ओढली.

भोंगा किंचाळला. बायांनी कानावर हात ठेवले.

"आता ऐका," भोंगा थांबल्यावर ती म्हणाली. "ह्या डोळ्यात धातूचा पत्रा असतो. ठराविक प्रकाश पडला तरच त्यातून इलेक्ट्रॉन उडतात, आणि ते उडाले की भोंगा वाजतो. बोरीच्या झाडावर कापसाचे हजार बोळे मारा. एक तरी बोर पडेल का?"

"कशाला पडंल?" नानासो म्हणाला.

"आणि एक खडा लागला तर?"

"पडलंच की."

"हॅलोजनचा उजेड म्हणजे कापसाचे बोळे. लांब लहरींचा प्रकाश. कितीही झगझगीत करा, बोळे वाढतात, बोर पडत नाही. ज्वाळेत मात्र थोडासा अतिनील प्रकाश असतो, आपल्याला न दिसणारा, आखूड लहरींचा. तो खडा. मंद असला तरी बोर पाडतो. वाढवला तर जास्त बोरं पडतात, एवढंच. पण साधी काच त्याला अडवते. म्हणून बाहेरची काडी डोळ्याला दिसत नाही. गुंडाची काडी तर भोंग्याआधीच विझली होती, आणि बिडीच्या विस्तवात तो खडा नसतोच. ज्वाळा आत होती. तुपाची. लावणारा भोंग्याच्या आधीपासून आत होता, आणि त्याला खात्री होती की एवढा हॅलोजन ज्याला हलवत नाही, त्याला वात काय हलवणार?"

कोणी कोणाकडं बघेना. मग हळूहळू सगळ्यांची नजर एकाच ओल्या धोतरावर गेली.

पायगोंडा अण्णांनी कमरेच्या गाठीतून पितळी निरांजन काढलं आणि कपाटापुढं ठेवलं.

"दरसाल पंचमीची पहिली वात आमची मंडळी, गुणमाला, लावायची," ते म्हणाले. "औंदा ती न्हाई. म्हटलं, तिची वात चुकू नये. हुकूम माझा, अन् मोडला बी मीच."

"आणि गुंडाला नेलं तेव्हा?"

"तोंड उघडलं हुतं, पोरी. तेवढ्यात कुणी तरी म्हणालं, अण्णांनी शास्त्रं वाचवली. मग उघडलेलं तोंड मिटलं." त्यांनी ओल्या पोथीवर हात ठेवला. "शास्त्रं पाण्यानं भिजली, ती वाळतील. माझं काय वाळणार?"

संयोगिताकडं त्यांना सुनवायला खूप होतं. पण पेठेतली ती सावकाश चाललेली जीप डोळ्यांपुढून हलेना. चूक एकट्या अण्णांची नव्हती.

ती ठाण्यात गेली. "गुंडा, चल. माझं चुकलं. तू काही केलं नाहीस."

"मग कुणी केलं?"

"अण्णा सांगतील."

जीप तिनं वेशीबाहेरच सोडली. त्याच पेठेतून, सगळ्यांदेखत, वर्दीतली फौजदार गुंडाच्या शेजारून चालत गेली. नळापाशी थांबून तिनं धोंडुबाईची पडलेली घागर उचलून नळाखाली लावली. दारात उभी राहून धोंडुबाई बघत होती. तिनं डोळ्यांवरचा पदर मागं घेतला.

बस्तीच्या पायरीवर अण्णा हात जोडून उभे होते. त्यांनी पंचांसमोर सगळं पुन्हा सांगितलं, एक शब्दही न गाळता. गुंडानं ऐकलं आणि मान खाली घातली. जणू लाज अजून त्याचीच होती.

"अण्णा, बिडी तर मी वढलीच की वो."

"वढलीस. जा, चूळ भर, हात धू, आन् ये. पानं सुटी करायला माणूस पाहिजे."

पांढऱ्या धोतरांवर पानं वाळत पडली. एका टोकाला अण्णा, दुसऱ्या टोकाला गुंडा.

माझं मागणं एवढंच. संध्याकाळी देवापुढं वात लावाल, तेव्हा अण्णांना क्षमा करा न करा, संयोगिताला शाबासकी द्या न द्या. पण जो न केलेल्या पापाची लाज मुकाट अंगावर घेऊन जीपमध्ये बसला, त्या गुंडाची तेवढी आठवण काढा.